आधी नाटक, मग निकाल

गोव्यात पेडण्याकडच्या हळर्णात आजवर पुष्कळ जण पुष्कळ गोष्टींत नापास झाले, पण गावाने ते कधी मनावर घेतलं नाही. मॅट्रिकला तीनदा बसलेला एक गृहस्थ पुढे पंच झाला आणि शाळेतल्या हुशार पोरांना बक्षिसं त्याच्याच हस्ते वाटली गेली. गोकुळदास हळर्णकर नापास झाला तेव्हा मात्र गाव चक्रावला. एक तर नापास व्हायचं वय त्याने केव्हाच मागे टाकलं होतं. ज्या वयात माणसं लेकीसाठी स्थळं बघत हिंडतात, त्या वयात हा पाठीला दप्तर लावून एम.ए.ला जात होता. शिवाय ज्या विषयात तो गचकला त्याचं नाव गावात कुणाला धड सांगता येत नव्हतं, त्यामुळे चार शहाण्या सूचना करायचीही सोय नव्हती.

विषय होता ॲडव्हान्स्ड मॅक्रोइकॉनॉमिक्स. मराठीत त्याला समग्रलक्षी अर्थशास्त्र म्हणतात, पण गोकुळदास नुसतं मॅक्रो म्हणायचा आणि गावानेही तेच उचललं. एका घराचा, एका दुकानाचा हिशेब नव्हे, तर सगळ्या देशाचा संसार कसा चालतो आणि मध्येच का अडतो, हे त्यात शिकवतात. बाकीच्या सगळ्या पेपरांत तो पास झाला होता. हा एकच घशात अडकला होता.

ह्या माणसाला हे खूळ लागलं कुठून, ते आधी सांगायला हवं.

तरुणपणी बी.कॉम. करून गोकुळदास डिचोलीकडच्या एका खाणीवर वजनकाट्यावर लागला. ट्रक काट्यावर चढायचा, हा आकडा बघायचा, पावती फाडायचा, ट्रक धुरळा उडवत धक्क्याकडे जायचा. त्याच्या केसांचा रंग तेव्हा काळा नव्हता, पांढराही नव्हता, तांबडा होता. मग खाणी बंद झाल्या. का झाल्या ते पेपरात रोज छापून येत होतं आणि गोकुळदासला ते तोंडपाठ होतं. त्याचा प्रश्न निराळाच होता. डोंगर जिथल्या तिथे, ट्रक जिथल्या तिथे, ड्रायव्हर धडधाकट, काटासुद्धा शाबूत. मग डिचोलीच्या बाजारातल्या सलूनवाल्याची खुर्ची रिकामी का? तो बिचारा कुठे खाण खणत होता? एका माणसाचं काम थांबलं की ज्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही त्याचंही का थांबावं? हा प्रश्न त्याने बऱ्याच जणांना विचारला. लोकांनी त्याला सरकार, कोर्ट, नशीब आणि शनी अशी चार उत्तरं दिली. त्याचं समाधान एकानेही झालं नाही.

पुढची दोन वर्षं तो घरी बसला. घरापुढे बलकाव होता, म्हणजे पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बांधलेले बसायचे ओटे. त्यातल्या उजवीकडच्या ओट्यावर तो सकाळी बसायचा तो जेवायला उठायचा. रस्त्याने जाणारा येणारा विचारायचा, "काय गोकुळदास, आराम?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसायचं. आपल्याकडे बसलेल्या माणसाला असंच विचारतात आणि चालणाऱ्याला कुठे चाललास म्हणून विचारतात. गोकुळदास हसून मान हलवायचा. पण तो शब्द त्याला असा काही लागायचा की मग मग तो पेपर तोंडासमोर धरून बसू लागला. त्याची बायको रुक्मिणी तेव्हा बचत गटातून शाळेतल्या पोरांसाठी पाव-भाजी करायला जाऊ लागली आणि घर तिने ओढलं. रुक्मिणी पलीकडच्या सिंधुदुर्गातली, बोलायला फटकळ. तिने ह्या बाबतीत मात्र नवऱ्याला एका शब्दाने कधी डिवचलं नाही.

नंतर गोकुळदासला एका काजू कारखान्यात काम मिळालं. लेक सेजल शिकली, मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागली आणि पहिल्याच महिन्यात बापाला म्हणाली, "बाबा, आता तुम्ही तुम्हाला हवं ते करा." तिला वाटलं होतं बाबा बागेत सुपारी लावतील, नाहीतर भजनाला जातील. बाबा प्रवेश परीक्षेला बसले.

पणजीबाहेरच्या पठारावर विद्यापीठ आहे. हळर्णाहून तिथे पोचायला बसमागून बस बदलावी लागते आणि एखादी चुकली की सगळीच गणितं चुकतात. वर्गातली पोरं त्याला पहिल्या दिवशी सर म्हणाली, दुसऱ्या दिवशी काका म्हणाली आणि आठवडाभरात त्याच्या डब्यातली सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोळंबीची कोशिंबीर, संपवू लागली. मॅक्रो शिकवायला तेजस्विनी मॅडम होत्या. वयाने गोकुळदासच्या भाचीएवढ्या, शिकवायच्या फार सुरेख. त्या त्याला गोकुळदासबाब म्हणायच्या आणि पोरांना जेवढं रागवायच्या तेवढंच त्यालाही रागवायच्या. हे त्याला फार आवडायचं.

मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर एक कुटुंब काढलं. अख्ख्या देशाच्या वतीने हे एकच कुटुंब. ते कधी मरत नाही. आज किती खावं, उद्यासाठी किती राखावं, ह्याचा ते विचार करतं आणि तो विचार कायम बरोबर असतो. गोकुळदासने घरी जाऊन हे रुक्मिणीला सांगितलं.

"त्यांका पोरा-बाळा?" तिने विचारलं.

"नाय. म्हणजे आसतीत, पण तीव त्यातच धरल्यानी."

"मगे बारसा नाय, लगीन नाय, मयत नाय. तसल्यांचा काय जाता शिल्लक टाकूक," म्हणून ती आंबाड्यांचं रायतं ढवळायला गेली.

गोकुळदासला मात्र ते कुटुंब आवडलं. आजचा घास आणि उद्याचा घास ह्यांना तराजूत घालणारं त्यांचं एक समीकरण होतं. वीस वर्षं काट्यावर काढलेल्या माणसाला ते लगेच पटलं. कॅल्क्युलस विसरला होता, तो त्याने वर्गातल्या श्रद्धा नावाच्या पोरीकडून पुन्हा घटवला. पोरगी चिकाटीची होती आणि किसमूर तिलाही आवडायची. सगळं कसं झकास चाललं होतं. मग एका सोमवारी मॅडमनी मंदी शिकवायला घेतली.

"कुटुंबाकडे वेळ आहे," मॅडम म्हणाल्या. "तो दोन गोष्टींत वाटायचा. काम आणि आराम. कामाचा मोबदला घटला की कुटुंब म्हणतं, आत्ता राबण्यात अर्थ नाही, आत्ता आराम करू, बरे दिवस आले की जास्त काम करू. ह्या मॉडेलप्रमाणे मंदी म्हणजे लोकांनी जास्त आराम घेतला तो काळ."

पोरांनी लिहून घेतलं. गोकुळदासचं पेन थांबलं.

"मॅडम, आराम म्हणजे स्वतःहून घेतलेला?"

"ह्या मॉडेलमध्ये, हो. स्वतःहून."

"आणि ज्याला कामच नाही तो?"

"ह्या मॉडेलमध्ये तसा माणूस नाही, गोकुळदासबाब. सगळ्यांना हे मॉडेल पटतं असंही नाही, पुढे आपण दुसरी बघणार आहोत. पण एखादं घर मोडायचं असेल तर आधी ते कसं उभं राहिलंय ते कळायला हवं. आधी बांधा, मग मोडा."

गोकुळदासने वही मिटली. संध्याकाळी बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळूनही तो बाहेर बघत नव्हता. बलकावातला तो ओटा, तोंडासमोरचा पेपर आणि "काय गोकुळदास, आराम?" जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनीही शेवटी हळर्णच्या रस्त्यावरच्या माणसांसारखंच विचारावं, ह्याचा त्याला राग आला आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. हे मॉडेल गणिताने मांडा. गोकुळदासने गणित मांडलंच नाही. त्याने डिचोलीचा बाजार मांडला, उभे ट्रक मांडले, सलूनवाला मांडला, रुक्मिणीची पाव-भाजी मांडली आणि पुरवणीवर पुरवणी जोडत तो जो सुटला तो घंटा होईपर्यंत. बाहेर आला तेव्हा त्याला गंगेत घोडं न्हाल्यासारखं वाटत होतं. निकाल लागला तेव्हा घोडं बुडालेलं निघालं.

मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. "तुमचं उत्तर वाचताना माझा चहा थंड झाला, गोकुळदासबाब. खरंच. पण तुम्ही भांडलात कुणाशी, ते कुठेच लिहिलं नाहीत. समीकरण कुठाय? वाचणाऱ्याला वाटेल की ह्यांना ते आलंच नाही."

"येत होतं, मॅडम."

"मग लिहायचं की."

आता मे महिन्यात फेरपरीक्षा होती. गोकुळदासने घरी येऊन जाहीर केलं की ही शेवटची खेप. ह्यातही गेलो तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकणार. तो हे शांतपणे म्हणाला आणि उठून बलकावात उजवीकडच्या ओट्यावर जाऊन बसला. रुक्मिणी दारातून बघत होती. डिग्रीचं तिला काही सुखदुःख नव्हतं, तिचं काय लोणचं घालायचं होतं? तिला भीती होती ती त्या ओट्याची. नवरा एकदा तिथून उठला होता. पुन्हा बसला तर ह्या खेपेला तो उठेल असं तिला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रवळनाथाचं देऊळ गाठलं. दत्ताराम गुरव शेजारचाच, त्याने देवापुढे गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचो घोव परीक्षेक बसता आसा. तो जो काय पेपर आसा, तो आमका ठावक नाय, तुका ठावक आसा. त्यात तेका पास करून घी, तुका एक दशावतारी नाटक घालतली." आजूबाजूच्या दोघातिघांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि सांगणं, म्हणजे नवस, पक्कं झालं.

इथवर सगळं रीतीला धरून होतं. घोटाळा पुढे झाला, आणि तो करायला अंगाला पेडण्याकडचं पाणीच लागावं लागतं.

दशावतारी मंडळांच्या तारखा मिळणं किती कठीण असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. एकेका जत्रेची तारीख बाप लेकाच्या नावावर करून जातो. मार्च उजाडल्यावर रुक्मिणी मंडळाचे मालक बाबुराव ह्यांच्याकडे गेली. बाबुराव स्वतः राजा करायचे आणि घरी बनियनवर असले तरी राजासारखेच बसायचे.

"परीक्षा मे म्हयन्यात, निकाल जूनात," बाबुराव म्हणाले. "जूनात पावस. आमचो पेटारो बंद. मगे एकदम दिवाळी झाल्यार. पण वैनी, ह्यो फुडलो आयतवार मोकळो झालोहा. एका गावात सोयर आयला. होयो तर आताच सांगा, भायर दोन गाव वाट बघतत."

रुक्मिणीने क्षणभर विचार केला. दिवाळीपर्यंत देवाला ताटकळत ठेवायचं? आणि तेव्हाही तारीख मिळाली नाही तर? देवाचं काम, आज करायचं ते उद्यावर कशाला ढकला? ती हो म्हणून आली.

गोकुळदासला ही बातमी बसमधून उतरता उतरता दत्तारामकडून कळली. तो तरातरा घरी आला.

"अगो, बाजारात तुरी आणि भट भटणीक मारी! पास झाल्यार नाटक घालतंय म्हणालंस मां? अजून परीक्षाच खंय झाली?"

"मगे काय झाला? देवाक काय आदी नि काय मगे."

"देवान नाटक बघून घेतल्यार मगे तो माका पास कित्याक करीत?"

रुक्मिणीने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण तो तरी काय करणार, फेरपरीक्षेसाठी तो पुन्हा मॅडमच्या वर्गात बसत होता आणि त्याच आठवड्यात त्यांनी हाच धडा शिकवला होता. सरकार म्हणतं, कारखाने उभारा, आम्ही कर लावणार नाही. कारखाने उभे राहतात. आता ते उचलून नेता येत नाहीत हे बघून सरकार कर लावतं. दिलेला शब्द दिला तेव्हा खरा असतो, पण काम झाल्यावर तो पाळण्यात शब्द देणाऱ्याचं काहीच हित उरत नाही. गोकुळदासच्या डोळ्यांसमोर आता नाटक बघून तृप्त झालेला रवळनाथ उभा राहिला.

शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. दत्तारामने देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या लावल्या आणि सरळ विचारलं, हे नाटक आधीच घातलेलं तुला चालेल काय? उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. बघता बघता उजवीकडची पाकळी खाली आली. रुक्मिणीने विजयी मुद्रेने नवऱ्याकडे पाहिलं.

"देव घेतंय म्हणालो," गोकुळदास हळूच पुटपुटला. "देतंय म्हणाक नाय."

नाटक झालं आणि दणक्यात झालं. देवळापुढचं पटांगण माणसांनी फुलून गेलं, चण्याफुटाण्यांचे गाडे लागले, दोडामार्गाहून रुक्मिणीचं माहेर आलं. दशावतारात गोष्ट ठरलेली असते, पण बोलणी ज्याची त्याने आयत्या वेळी करायची. त्यामुळे राजाच्या वेषातल्या बाबुरावांनी दरबार भरवून जेव्हा भारदस्तपणे विचारलं, "प्रधानजी, आमच्या राज्यात सर्व क्षेम आहे ना?" तेव्हा प्रधान हात जोडून म्हणाला, "सर्व क्षेम आहे महाराज. केवळ हळर्णचे एक गृहस्थ मॅक्रोत अडकले आहेत." लोकांनी हसून मंडप डोक्यावर घेतला. पहिल्या रांगेत बसलेला गोकुळदासही हसला, न हसून करतो काय.

पण त्या दिवसापासून त्याची धडगत राहिली नाही. नाटक अख्ख्या गावाने पाहिलं होतं. म्हणजे आता तो पेपर अख्ख्या गावाचा झाला. न्हावी विचारायचा, कंडक्टर विचारायचा, पार्शाहून नारळ पाडायला येणारा पाडेली माडाच्या टोकावरून विचारायचा, "झाला मां मॅक्रो?" गोकुळदासने हा सगळा प्रकार एकदा वर्गात सांगितला. पोरं बाकं बडवून हसली. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी खडू हातात घेतला.

"हे उदाहरण मी पुढच्या वर्षी वापरणार," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही एक विसरलात. देवाचा व्यवहार तुमच्या एकट्याशी नाही. त्याने तुम्हाला फसवलं तर पुढच्या वर्षी त्याला नवस कोण बोलेल? अब्रू जाईल म्हणून तो शब्द पाळेल."

ह्या विचाराने गोकुळदासला एवढा धीर आला की बसमध्ये उभा राहूनही तो शीळ घालत घरी आला. रुक्मिणी अंगणात कोकमं फोडत होती. त्याने तिला देवाच्या अब्रूची गोष्ट सांगितली.

"देवाची अब्रू?" रुक्मिणीने हातातली सुरी खाली ठेवली. "देव थंय न्हेमी आसा. तुमी नापास झालात तर लोक देवाक हसतले? अब्रू जातली तर तुमची जातली. देवान आपला काम केल्यान, परीक्षा काय तो लिवतलो?"

गोकुळदासची शीळ तोंडातच राहिली. तो इतके दिवस देवाला शब्दात कसं बांधायचं ह्याची काळजी वाहत होता आणि इकडे बांधला गेला होता तो स्वतः. गावाने नाटक पाहिलं, प्रसाद खाल्ला, प्रधानाने त्याचं नाव घेतलं. आता पुस्तकं माळ्यावर टाकायची म्हटली तरी कुठल्या तोंडाने टाकणार? मॅडमच्या पुस्तकात ह्यालाही एक नाव होतं, पण ते आठवायच्या भानगडीत न पडता तो आत गेला आणि पुस्तक काढून बसला.

नाटकाच्या जाहिरातीचे पुष्कळ कागद उरले होते, पाठकोरे. तो बलकावात उजवीकडच्या ओट्यावर बसून त्यांच्या पाठीवर तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवू लागला. कुटुंब, वेळ, काम, आराम, आज, उद्या. हळूहळू हात बसला. आता अडत होतं ते गणितात नव्हे, दुसरीकडेच. शेवटच्या ओळीत लिहावं लागायचं की हा फरक म्हणजे कुटुंबाने स्वेच्छेने वाढवलेला आराम. तिथे आलं की पेन जड व्हायचं. आपल्याच हाताने आपल्यावर शिक्का मारल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी तो तसाच पेन धरून बसला असताना रुक्मिणी ताकाचं भांडं घेऊन आली. "हंयच अडलात?"

त्याने तिला सांगितलं. एवढ्या दिवसांत हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. काम नसलेला माणूस ह्या गणितात आरामात असतो, असं लिहायचंय. ती दोन वर्षं मी, ह्या हिशेबाने, आरामात होतो.

रुक्मिणी समोरच्या ओट्यावर बसली.

"आराम करणाऱ्याक झोप लागता," ती म्हणाली. "तुमका खंय लागा होती? पाणी पिऊक म्हणान उठात आणि हंय येऊन बसात. माका वाटा, आता आत येतले, मगे आत येतले."

गोकुळदासने पेन खाली ठेवलं. "तू जागी आसायस?"

"मगे? एकट्याक कसा सोडतलंय?" ती म्हणाली. "पण विचारलेला तुमका आवडाचा नाय. म्हणान पडान ऱ्हवाय."

इतकी वर्षं त्याला वाटत होतं की निदान ही तरी सुखाने झोपते आहे. त्याचे डोळे भरून आले. रुक्मिणीने ते पाहिलं आणि ताकाचं भांडं पुढे सरकवलं. ताक पिऊन झाल्यावर त्याने ती ओळ लिहिली. ह्या वेळी पेन अडलं नाही.

फेरपरीक्षेत प्रश्न तोच होता, नुसती वाक्यं बदलली होती. मॉडेल मांडा, समीकरणं काढा, आणि शेवटी दोन गुणांसाठी, मॉडेलची एक मर्यादा तीन ओळींत लिहा. गोकुळदासने आधी घर बांधलं. पायापासून, एकेक ओळ. सलूनवाला मध्ये आला नाही, ट्रक आले नाहीत. सगळं बांधून झाल्यावर त्याने घड्याळाकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि मर्यादा लिहायला घेतली. त्याने लिहिलं की काम न केलेला सगळा वेळ हे मॉडेल आरामात जमा धरतं. त्या वेळात माणूस विसावला होता की जागा होता, हे मॉडेलला सांगता येत नाही. आणि त्या माणसापायी घरात आणखी कोण जागं होतं, हे विचारायला त्यात जागाच नाही. तीन ओळी झाल्या. पुरवणी न मागता तो उठला.

निकाल जूनमध्ये लागला. सेजलने विमानतळावरूनच फोनवर पाहिला आणि तिथून ओरडून सांगितलं, मागे विमानांची घोषणा चालू होती. पास. काठावर नव्हे, काठापासून थोडा आत. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला की एके ठिकाणी चिन्ह चुकलंय, ते बघून घ्या, आणि मर्यादेला पूर्ण दोन दिलेत.

रुक्मिणी नारळ घेऊन देवळात गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती. दत्ताराम म्हणाला, "बघलंस? आधी घेतल्यान तरी देव इसारलो नाय." बाबुरावांनी फोन करून सांगितलं की आता दिवाळीनंतर त्यांच्या दरबारात प्रधान वेगळं सांगेल, ते ऐकायला यावं लागेल. गोकुळदास सगळ्यांना हसून हो हो म्हणत होता. मॅक्रो झालं, आता पुढे काय करणार, असं न्हाव्याने विचारलं तेव्हा तो म्हणाला की सध्या काही ठरवलेलं नाही, अजून सलूनवाल्याच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा ओसरला होता. जेवण होऊन गोकुळदास बलकावात आला, उजवीकडच्या ओट्यावर टेकला, मग आडवा झाला. पेपर त्याने उशाला घेतला. रुक्मिणी भांडी आवरून बाहेर आली तेव्हा तो तोंड उघडं टाकून घोरत होता, एक पाय ओट्यावरून खाली लोंबत होता.

ती समोरच्या ओट्यावर बसून राहिली. तेवढ्यात दत्ताराम छत्री मिटत रस्त्याने चालला होता. सवयीने त्याने मान वळवली आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "काय गोकुळदास, आराम?"

रुक्मिणीने ओठांवर बोट ठेवलं.

"व्हय, दत्ताराम," ती हळू आवाजात म्हणाली. "आराम करतत. उठवू नकात."